‘डबल ब्रह्मकमळ’: पैसे आज, फूल तीन वर्षांनी

गेल्या काही वर्षांत मोबाईलवर एक जाहिरात वारंवार दिसते. लाल, गुलाबी, केशरी, कधी चक्क निळ्या रंगाचे भरगच्च पाकळ्यांचे फूल. खाली ‘डबल ब्रह्मकमळ’ किंवा ‘ऑर्किड कॅक्टस, दुर्मिळ जुना संकर’ असे नाव. आणि वीतभर तुकड्याला साध्या ब्रह्मकमळाच्या कितीतरी पट भाव. शोभिवंत झाडांची रोपवाटिका चालवणारे अनेक शेतकरी आता विचारतात, की हे तुकडे घेऊन मातृझाडे तयार करावीत का? कृषी सहायकांकडेही हा प्रश्न येऊ लागला आहे.

थोडक्यात उत्तर असे: हे पीक वाईट नाही. योग्य हवामानात ते चांगले येते आणि घरगुती बागकामात त्याला मागणीही आहे. अडचण झाडात नाही, नावात आहे. या झाडाचा तुकडा विकत घेताना तुम्हाला फक्त हिरवा चपटा फाटा मिळतो. तो कोणत्या फुलाचा आहे हे कळायला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात. तोपर्यंत विक्रेता सापडत नाही आणि तुम्ही मात्र त्याच तुकड्यापासून शेकडो रोपे करून पुढे विकलेली असतात. म्हणून या व्यवसायात ओळख आणि नोंद यांना लागवडीइतकेच महत्त्व आहे.

ब्रह्मकमळ नेमके कोणते?

आधी नावांचा गुंता सोडवू. महाराष्ट्रात अंगणातल्या कुंडीत पावसाळ्यात रात्री उमलणारे पांढरे सुवासिक फूल म्हणजे आपले ब्रह्मकमळ. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हे निवडुंगाच्या कुळातले असून मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे. ते तिथे जंगलात झाडांच्या खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यात वाढते. फूल रात्री उमलते आणि सकाळपर्यंत मान टाकते.

हिमालयात उंचावर येणारे, उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ वेगळे आहे. ते सॉसुरिया ओब्व्हॅलाटा, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले. दोघांचा नात्याने काहीही संबंध नाही.

तिसरा गट ‘ऑर्किड कॅक्टस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या संकरांचा. नावात ऑर्किड असले तरी हे ऑर्किड नव्हे. हाही निवडुंगच. लाल फुलाचा डिसोकॅक्टस स्पेसिओसस, गुलाबी फुलाचा डिसोकॅक्टस फायलँथॉइडिस, पांढऱ्या फुलाचा एपिफायलम क्रेनॅटम अशा जातींचे एकमेकांशी संकर करून तो तयार झाला. युरोपात हे काम १९व्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले. पुढे २०व्या शतकात जर्मनीत कर्ट क्नेबेल यांनी अनेक संकर तयार केले आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या हौशी बागायतदारांनी त्यात मोठी भर घातली. तिथे १९४० मध्ये एपिफायलम सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन झाली. या संकरांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद तीच संस्था ठेवते. त्या नोंदीत हजारो नावे आहेत.

हा आकडा लक्षात ठेवा. हजारो नोंदी आणि त्यातली शेकडो फुले लाल किंवा गुलाबी. त्यामुळे ‘फोटोसारखे दिसते’ एवढ्यावरून नाव ठरवता येत नाही.

फूल ‘डबल’ आहे म्हणजे काय?

डबल जास्वंद आणि डबल तगर आपल्याला माहीत आहे. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या तयार होतात, म्हणून मधली दांडी झाकली जाते. ऑर्किड कॅक्टसमध्ये प्रकार थोडा वेगळा आहे. इथे बाहेरची दले आणि आतल्या पाकळ्या यांच्यात स्पष्ट सीमा नसते. एकामागून एक ओळी येतात. जुन्या संकरांपैकी ज्यांना डबल म्हटले जाते, त्यांत सहसा या ओळींची संख्या जास्त असते आणि मधला पुंकेसरांचा झुबका जागच्या जागी दिसतो.

काही फुले खरे तर डबल नसतात, पण तशी भासतात. ‘डॉइशे कायझरिन’ हे जुने गुलाबी वाण याचे चांगले उदाहरण. याची फुले आकाराने लहान असतात, पण एका झाडावर खूप येतात. बाहेरच्या पाकळ्या मागे वळतात आणि आतल्या पेल्यासारख्या उभ्या राहतात, म्हणून फूल दुहेरी वाटते. बशीत कप ठेवावा तशी ही रचना असते. विक्रेता याला डबल म्हणत असेल तर तो फसवतोच आहे असे नाही, पण तुम्ही मात्र पाकळ्या मोजूनच लिहा.

लाल रंगातही असाच घोळ आहे. जगभर घरोघरी आजी-आईकडून मिळालेले लाल फुलाचे झाड ‘अकरमॅनी’ म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात ती बहुतेक झाडे डिसोकॅक्टस अकरमॅनी या मूळ जातीची नसून जुन्या संकराची असतात. दोनशे वर्षांत फाटे हातोहात गेले, चिठ्ठ्या मात्र मागेच राहिल्या.

निळे फूल दिसले की जाहिरात बंद करा

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते. निवडुंगाच्या कुळात फुलांचा लाल, गुलाबी, जांभळट आणि पिवळा रंग बीटालेन या रंगद्रव्यांमुळे येतो. बीटाच्या कंदाला लाल रंग देणारे द्रव्य याच गटातले. गोकर्णासारख्या फुलांना निळा रंग देणारे अँथोसायनिन या कुळात नसते. त्यामुळे खऱ्या निळ्या रंगाचे ऑर्किड कॅक्टस अस्तित्वात नाही. निळे किंवा इंद्रधनुषी फूल दाखवणारे चित्र रंगवलेले किंवा संगणकाने तयार केलेले आहे, एवढे धरून चाला. अशा विक्रेत्याने दाखवलेल्या इतर, खऱ्या वाटणाऱ्या फोटोंवरही विश्वास ठेवू नका.

नुकसान किती होऊ शकते?

समजा तुम्ही ४०० रुपयांना एक याप्रमाणे १०० तुकडे घेतले. खर्च ४०,००० रुपये. कुंड्या, माध्यम, शेडनेट आणि पाणी यांचा खर्च वेगळा. ज्यांना तीन वर्षे सांभाळले त्यापैकी ६० तुकड्यांना साधी लाल फुले आली, तर २४,००० रुपये बुडालेच; शिवाय शेडनेटमधली तेवढी जागा तीन वर्षे अडून राहिली. पण खरे नुकसान याहून मोठे आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याच झाडांचे तुकडे ‘डबल गुलाबी’ म्हणून विकले असतील, तर त्यांना लाल फुले आल्यावर गिऱ्हाईक जाहिरातदाराला नाही, तुम्हाला विचारणार. छोट्या रोपवाटिकेचे भांडवल म्हणजे तिचा शब्द.

ड्रॅगन फ्रूटच्या लागवडीत हाच अनुभव अनेकांनी घेतला आहे. ड्रॅगन फ्रूट हे ब्रह्मकमळाचे जवळचे नातलग आहे. तिथेही वेल पाहून गर पांढरा की लाल हे खात्रीने सांगता येत नाही, फळ कापल्यावरच कळते. तिथे नावेही बदलत गेली. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ म्हटले आणि शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याची प्रजाती हायलोसेरियस ऐवजी सेलेनिसेरियस अशी मांडली. नाव बदलल्याने वेल बदलत नाही. पण कोणत्या मातृझाडाचा तुकडा कोणत्या ओळीत लावला याची वही नसेल, तर एकाच मळ्यात दोन-तीन प्रकारांची सरमिसळ होते. ड्रॅगन फ्रूटच्या मागे निदान संशोधन संस्था आहेत. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकातील हिरेहळ्ळी येथे भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या उत्कृष्टता केंद्रालाही मान्यता मिळाली. ऑर्किड कॅक्टसची वही तुम्हालाच ठेवायची आहे.

विकत घेण्यापूर्वी विचारायचे चार प्रश्न

१. मातृझाड तुमच्याकडे आहे का, आणि त्याला फूल कधी आले? फुलाचा फोटो त्याच झाडाच्या कुंडीसह आणि फाट्यांसह मागा. नुसत्या फुलाचा जवळून घेतलेला फोटो पुरावा नाही.

२. नाव कुठून मिळाले? ‘नावासह अमुक वर्षी अमुक ठिकाणाहून आणले’ हे उत्तर चालेल. ‘फोटोवरून ओळखले’ हे चालणार नाही.

३. तुकडा परदेशातून आला आहे का? लागवडीचे साहित्य आयात करायला वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. शिवाय निवडुंग कुळातील जवळजवळ सर्व जाती ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रे लागतात. पाकिटात घालून गुपचूप मागवलेला तुकडा बेकायदा तर आहेच, शिवाय त्याच्यासोबत रोगही येऊ शकतो.

४. वेगळे फूल आले तर काय? हे उत्तर लेखी घ्या. ऑनलाइन खरेदीला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. मालाचे खोटे वर्णन करणे त्यात बसत नाही. पण जाहिरातीचे चित्र, पावती आणि संदेश जपून ठेवले नसतील तर तक्रार टिकणार नाही.

फूल आल्यावर नोंद कशी करावी?

फूल पूर्ण उमलले की पहिल्याच दिवशी, शक्यतो सकाळी सावलीत, पुढील गोष्टी लिहून ठेवा:

• फुलाची रुंदी आणि नळीची लांबी सेंटिमीटरमध्ये. फोटोत शेजारी पट्टी ठेवावी, फिल्टर वापरू नये.
• बाहेरची अरुंद दले किती, आतल्या पाकळ्या किती, त्यांची टोके गोल की अणकुचीदार.
• पाकळीच्या मध्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा आहे का, घशाचा रंग कोणता.
• पुंकेसरांच्या तंतूंचा रंग. स्त्रीकेसराच्या टोकाचा रंग आणि त्याचे किती भाग आहेत.
• सुवास आहे की नाही. फूल दिवसा उमलले की रात्री. किती दिवस टिकले.
• फाटा चपटा की त्रिधारी, त्याची रुंदी, कडेच्या खाचा खोल की उथळ, डोळ्यांवर काटे आहेत का.

नवख्यांच्या दोन चुका होतात. पहिली, कोवळ्या फाट्यांवरून ओळख ठरवणे. बुंध्यातून येणारे नवे फाटे सुरुवातीला गोल किंवा त्रिधारी असू शकतात आणि कडक उजेडात त्यांच्या कडा लालसर होतात. हे वाणाचे लक्षण नाही. दुसरी, एकाच फुलावरून निर्णय देणे. तापमान, उजेड आणि खत यांनुसार फुलाचा आकार आणि रंगाची छटा बदलते. अशक्त झाडावर डबल फुलाच्या पाकळ्याही कमी भरतात. म्हणून किमान दोन हंगामांची नोंद करा.

एवढे करूनही जुन्या संकराचे नाव सापडेलच असे नाही. जुन्या याद्यांमध्ये कित्येक वाणांचे वर्णन ‘मोठे, गुलाबी, भरगच्च’ एवढेच आढळते. त्या वर्णनात तुमचे फूल बसते, तशी आणखी पन्नास फुले बसतात. अशा वेळी ‘नाव अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे आणि स्वतःचा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘गुलाबी डबल १, आत्याकडून, २०१९’. त्याच नावाने विकावे. प्रसिद्ध जुने नाव चिकटवू नये आणि स्वतःचे नवे नावही देऊ नये. फूल चांगले असेल तर ‘नाव अज्ञात’ झाडालाही गिऱ्हाईक मिळते, फक्त सोबत तुमच्या झाडाचा खरा फोटो हवा.

महाराष्ट्रात लागवड: काय जमते, काय जमत नाही

ही झाडे मातीत वाढणारी नाहीत, झाडांवर वाढणारी आहेत. काळ्या मातीत लावली तर पहिल्याच पावसाळ्यात बुंधा सडतो. नारळाच्या सालीचे तुकडे, जाड कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा कोळसा किंवा विटांचे तुकडे असे पाणी झटकन सोडणारे माध्यम वापरावे. कुंडी लहान ठेवावी, मुळे दाटली की फूल चांगले येते.

हवामानाबाबत स्पष्टपणे सांगायला हवे. आपले पांढरे ब्रह्मकमळ उष्ण हवेतही पावसाळ्यात फुलते. रंगीत संकरांना मात्र कळ्या धरण्यासाठी हिवाळ्यात थंड रात्री लागतात. १० ते १५ अंश सेल्सिअसच्या रात्री काही आठवडे मिळाल्या तर उत्तम. नाशिक, पुणे, साताऱ्याचा घाटमाथा अशा भागांत हे साधते. कोकण किनारपट्टीवर रात्री पुरेशा थंड होत नाहीत. तिथे झाड हिरवेगार वाढेल, पण कळ्या कमी येतील असे धरून चालावे. विदर्भ आणि मराठवाड्यात अडचण हिवाळ्याची नाही, एप्रिल-मेच्या झळांची आहे. तिथे शेडनेट, पश्चिमेचा आडोसा आणि दुपारी जमिनीवर पाणी शिंपडून राखलेला ओलावा याशिवाय फाटे पिवळे पडून करपतात.

हंगामवार काम असे ठेवा:

• जून ते सप्टेंबर: वाढीचा काळ. संततधार पावसापासून आडोसा द्यावा. १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून दर १५ दिवसांनी द्यावे. गोगलगायी रात्री हाताने वेचाव्यात.
• ऑक्टोबर: नत्रयुक्त खत बंद करावे.
• नोव्हेंबर ते जानेवारी: पाणी कमी करावे, पण फाटे सुरकुतेपर्यंत तहान देऊ नये. रात्री उघड्या हवेची थंडी लागू द्यावी.
• फेब्रुवारी ते एप्रिल: कळ्या दिसू लागल्या की ०:५२:३४ हे खत १ ग्रॅम प्रतिलिटर एकदा-दोनदा द्यावे. कुंडी हलवू किंवा फिरवू नये, पाण्यात खंड पडू देऊ नये. नाहीतर कळ्या गळतात.
• फुले संपल्यावर: जुने, सुकलेले फाटे काढावेत आणि गरज असेल तरच कुंडी बदलावी.

फाटे कलमासाठी फूल येऊन गेलेल्या पक्व फाट्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. सावलीत ७ ते १४ दिवस ठेवून कापलेली बाजू सुकू द्यावी. मग ३ ते ५ सेंटिमीटर खोल लावावा. कोणती बाजू खाली होती ते कापतानाच खूण करून ठेवावे. मुळे फुटायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत माध्यम फक्त दमट ठेवावे. बियांपासून रोपे करू नयेत. संकराच्या बियांतून मातृझाडासारखे फूल येत नाही आणि फुलायला आणखी काही वर्षे जातात.

जुन्या झाडासोबत येणारा विषाणू

पिढ्यान्‌पिढ्या फाट्यांवरून वाढवलेल्या झाडांत विषाणू साठत जातात. निवडुंगांत ‘कॅक्टस व्हायरस एक्स’ आढळतो. तो रसातून, म्हणजे कात्रीच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. फाट्यांवर फिकट चट्टे, पिवळट नक्षी किंवा करपट ठिपके दिसतात. कधी काहीच दिसत नाही. यावर औषध नाही. नवीन आणलेले झाड एक हंगाम वेगळे ठेवावे. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवावी किंवा १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवावी. लक्षणे स्पष्ट असलेल्या झाडाचे तुकडे विकू नयेत, मग ते कितीही दुर्मिळ असो.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड खाचांमध्ये दडते. सुरुवातीलाच स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी. निंबोळी तेल वापरायचे असेल तर आधी एका फाट्यावर फवारून दोन दिवस पाहावे आणि नेहमी सायंकाळीच फवारावे.

मग लावावे का?

सुरुवात दहा कुंड्यांनी करा, शंभरांनी नको. फूल डोळ्यांनी पाहिलेल्या झाडाचाच तुकडा घ्या. गावात, नात्यात, जुन्या वाड्यांच्या गच्चीवर असे एखादे लाल किंवा गुलाबी झाड बहुधा सापडतेच. ते फुललेले असताना जा, नोंद करा आणि दोन फाटे मागून आणा. फुकट मिळालेला पण पाहिलेला तुकडा हा महागड्या, न पाहिलेल्या तुकड्यापेक्षा रोपवाटिकेच्या जास्त कामाचा.

कृषी सहायकांनी गटचर्चेत एवढे एकच काम करून घ्यावे. प्रत्येक मातृकुंडीला पेन्सिलने लिहिलेली पट्टी मातीत खोचायची आणि तीच नोंद वहीत करायची. शाई दोन पावसाळ्यांत उडते, पेन्सिल टिकते. तीन वर्षांनी फूल उमलेल तेव्हा ते कोणाचे आहे हे सांगायला ती पट्टीच लागणार आहे.